चंदू पंडित यांची वाट आणि थ्रोडाउनचा सापळा

खेळाडू म्हणून निवड होण्याचे वय उलटून गेले आहे, पण पहाटे उठून मैदानावर जाण्याची सवय काही सुटत नाही, म्हणून आता प्रशिक्षक व्हावे असे ज्यांना वाटू लागले आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. क्लब क्रिकेट, निमंत्रितांच्या स्पर्धा, संभाव्य खेळाडूंची यादी, वयोगटाच्या चाचण्या हे सारे तुम्ही पाहिलेले आहे असे मी धरून चालतो. मी स्वतः जिल्हा संघापर्यंत खेळलो, राज्याच्या संभाव्यांच्या यादीत नाव येऊन गेले आणि नंतर वयोगटाच्या मुलांना शिकवू लागलो. या कामात मला अजूनही स्थिरस्थावर झाल्यासारखे वाटत नाही, कारण हंगाम संपला की पुढच्या वर्षीसाठी फोन येईल की नाही याची धाकधूक दरवेळी असतेच. त्यामुळे वर बसून उपदेश करणाऱ्याचे हे लिखाण नाही, एवढे लक्षात ठेवून वाचा.

सुरुवातीच्या काळात मी एका माणसाच्या कारकिर्दीचा ध्यास घेऊन अभ्यास केला, आणि तो माणूस म्हणजे चंद्रकांत ऊर्फ चंदू पंडित. त्यांची निवड मी मोठा खेळाडू म्हणून केली नव्हती. उलट खेळाडू म्हणून ते फार मोठे ठरू शकले नाहीत, हेच मला जवळचे वाटले. १९८६ ते १९९२ या काळात त्यांच्या वाट्याला ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. ते मूळचे यष्टिरक्षक-फलंदाज, पण त्यांच्याच काळात किरण मोरे यष्टींमागे पक्के होते आणि त्यांनी ४९ कसोटी सामने खेळले. त्यामुळे १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या हेडिंग्ले मैदानावर पंडित यांनी कसोटी पदार्पण केले ते निव्वळ फलंदाज म्हणून. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर दिलीप वेंगसरकर आजारी पडल्यामुळे त्यांना संघात घेतले गेले, तेव्हाही यष्टींमागे मोरेच होते. पंडित यांनी २४ धावा केल्या, भारत ३५ धावांनी हरला आणि लोकांच्या लक्षात इंग्लंडच्या ग्रॅहम गूचचे स्वीपचे फटके राहिले. प्रथम श्रेणीत मात्र त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या आणि मुंबई, आसाम व मध्य प्रदेश अशा तीन संघांकडून ते खेळले. म्हणजे राखीव खेळाडूच्या बाकावर बसणे, दुसऱ्याच्या जागी खेळणे, आपले गाव सोडून परक्या ड्रेसिंग रूममध्ये मान मिळवणे हे सगळे त्यांनी प्रशिक्षक होण्याआधीच भोगले होते. माझे मत असे आहे की प्रशिक्षकाला हा अनुभव शतकांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण ज्याला कधी वगळलेच गेले नाही त्याला वगळलेल्या मुलाशी काय बोलावे हे सुचत नाही. हे मत सर्वांना पटत नाही, याची मला कल्पना आहे.

यष्टिरक्षक असण्याचा भाग तर माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे. मैदानावर एकच माणूस असा असतो की ज्याला प्रत्येक चेंडू पाहावाच लागतो, आणि तोही अशा जागेवरून की जिथून गोलंदाजाचे मनगट, फलंदाजाचे पाय आणि पुढे पसरलेले बहुतेक सारे क्षेत्ररक्षण एकाच वेळी दिसते. पाहण्याची ही जागा त्यांना वर्षानुवर्षे मिळाली. तुम्ही यष्टिरक्षक नसाल तर अशी जागा तुम्हाला शोधून काढावी लागेल. ज्या सापळ्याबद्दल मला लिहायचे आहे, तो नेमका ही जागा हिरावून घेणारा आहे.

त्याआधी त्यांच्या प्रशिक्षकपदाचा पट थोडक्यात सांगतो. मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ मध्ये लागोपाठ रणजी करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक पंडित होते, आणि २०१५-१६ मध्येही तेच होते. पुढच्याच हंगामात मुंबईने पुन्हा अंतिम फेरी गाठली, तिथे गुजरातकडून हार झाली आणि त्यानंतर त्यांचे मुंबईचे पद गेले. मग ते नागपूरला विदर्भाकडे आले. त्याआधी एकदाही करंडक न जिंकलेल्या विदर्भाने फैज फजलच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून तो पहिल्यांदा जिंकला आणि २०१८-१९ मध्ये नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखला. २०२० मध्ये ते मध्य प्रदेशाकडे गेले, त्या वर्षीची रणजी स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही आणि जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईला ६ गड्यांनी हरवले. याच मैदानावर १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार पंडित होते. पहिल्या डावात आघाडी असल्यामुळे सामना अनिर्णित ठेवला तरी करंडक मिळणार होता, पण शेवटच्या दिवशी कर्नाटकच्या विजय भारद्वाजने मध्य प्रदेशाचा डाव गुंडाळला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. २०२२ च्या विजयानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले ते का, हे यावरून समजते. पुढे कोलकाता नाइट रायडर्सच्या मुख्य प्रशिक्षकपदी असताना त्या संघाने २०२४ ची आयपीएल जिंकली आणि २०२५ मध्ये तेही पद सुटले.

हा पट वाचून नवख्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की आंतरराष्ट्रीय सामन्यांचा शिक्का नसेल तर आपल्याला कोण विचारणार. हा प्रश्न मलाही अनेक वर्षे छळत होता, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. शिक्क्यामुळे पहिले दार उघडते, हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. राज्य संघाच्या मुलाखतीला दोन माणसे समोर बसली आणि त्यांतला एक भारतासाठी खेळलेला असला, तर दुसऱ्याला दुप्पट तयारीने यावे लागते. पण पंडित ज्यांच्या हाताखाली घडले ते रमाकांत आचरेकर सर कारकिर्दीत केवळ एकच प्रथम श्रेणी सामना खेळले होते, आणि त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०२२ च्या त्या अंतिम सामन्यात मुंबईच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून बसलेले अमोल मुजुमदार हेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताची टोपी त्यांना कधी मिळाली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक हेच मुजुमदार होते. लालचंद राजपूत यांच्या नावावर २ कसोटी आहेत. २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा संघाचे व्यवस्थापक ते होते आणि अफगाणिस्तानला २०१७ मध्ये कसोटी दर्जा मिळाला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षकही तेच होते. तेव्हा आपल्या नावापुढे किती सामने आहेत हे मोजत बसू नका.

आता सापळ्याकडे येतो. तो आहे थ्रोडाउनचा, म्हणजे गोलंदाजाऐवजी कोणी जवळून हाताने टाकलेल्या सरावाच्या चेंडूंचा, आणि त्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण मला याबद्दल कोणीही आधी सांगितले नव्हते.

होते असे, की तुम्ही नवे सहायक प्रशिक्षक म्हणून एखाद्या शिबिरात रुजू होता. तुमचे ऐकायला कोणी तयार नसते, मुख्य प्रशिक्षक आपल्या जुन्या माणसांशी बोलत असतात आणि तुमचे काय करायचे हे कोणालाच ठरवता येत नाही. अशा वेळी संघातला एखादा ज्येष्ठ फलंदाज म्हणतो, ‘सर, जरा टाकता का?’ तुम्ही आनंदाने चेंडूंची बादली घेऊन पंधरा-सोळा यार्डांवर उभे राहता आणि टाकू लागता. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे येतात. आठवड्याभरात तुम्ही संघातले सर्वांत लाडके प्रशिक्षक होता, कारण तुम्ही नाही म्हणत नाही. आपण आता संघाचा भाग झालो असे वाटते, आणि ते खोटेही नसते. पण हळूहळू तुमची ओळख ‘छान टाकतात ते सर’ एवढीच उरते, आणि पुढच्या हंगामात संघटना तुम्हाला बोलावते तीही त्याच कामासाठी.

खांद्याचे दुखणे हा यातला लहान तोटा आहे. मोठा तोटा म्हणजे तुमचे डोळे कामातून जातात. चेंडू टाकणाऱ्या माणसाचे लक्ष आपल्या टप्प्यावर आणि आपल्याकडे परत येणाऱ्या फटक्यावर असते. त्याला फलंदाज फक्त समोरून दिसतो, आणि समोरून डोके कुठे झुकते किंवा बॅट आडवी येते का एवढेच कळते. पाऊल किती लांब पडले आणि वजन केव्हा पुढे गेले हे बाजूने पाहावे लागते, तर बॅट मागे नेताना ती पहिल्या स्लिपकडे जाते की सरळ, आणि फलंदाज कोणत्या यष्टीवर उभा आहे, हे मागून, म्हणजे यष्टिरक्षकाच्या जागेवरून दिसते. टाकणारा या दोन्ही जागांवर कधीच नसतो.

फलंदाजाचेही नुकसान होते, आणि ते अधिक फसवे असते, कारण त्याला वाटते की आपण सुरेख खेळतो आहोत. थ्रोडाउनमध्ये धाव नसते, उडी नसते, हात वर येताना मनगट काय सांगते ते वाचण्याची गरज नसते. चेंडू दरवेळी जवळपास त्याच उंचीवरून सुटतो. टप्पाही बहुतेक वेळा फलंदाजच मागून घेतो. ‘सर, ड्राइव्हचे द्या’ असे म्हणतो आणि आपण देतो. म्हणजे चेंडू कुठे पडेल हे ओळखण्याचे जे खरे कौशल्य, त्याचा सराव शून्य, आणि जे फटके त्याला आधीच येतात त्यांचा सराव भरपूर.

माझ्याकडे एकोणीस वर्षांखालील संघात एक सलामीचा फलंदाज होता. रोज सकाळी माझ्याकडून चेंडू टाकून घ्यायचा आणि कव्हर ड्राइव्ह असे मारायचा की नेटबाहेर माणसे थांबून पाहत. सामन्यात मात्र तो पुन्हा पुन्हा एकाच प्रकारे बाद होई, थोडा आखूड टप्प्याचा चेंडू आणि यष्टिरक्षकाकडे किंवा स्लिपमध्ये झेल. आम्ही त्याच्या एकाग्रतेबद्दल बोललो, झोपेबद्दल बोललो, अगदी घरच्या काळज्यांबद्दलही बोललो. मग खांदा इतका दुखू लागला की डॉक्टरांनी फेकणे बंद करायला सांगितले, आणि मी नाइलाजाने नेटच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथून पहिल्या काही चेंडूंतच दिसले की गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटण्याआधीच त्याचे पुढचे पाऊल जमिनीवर टेकलेले असते. चेंडू पुढेच पडणार, हे त्याच्या पायांनी धरून ठेवले होते, कारण मी त्याला महिनोन्महिने पुढचेच, म्हणजे त्याच्या जवळ पडणारेच चेंडू दिले होते. त्याच्या तंत्रात मुळात काही बिघाड नव्हता. बिघाड सरावात होता, आणि चेंडूंची बादली माझ्या हातात होती.

म्हणून नवख्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे: पहिल्या हंगामातच सरावाचा निम्मा वेळ हातात चेंडू न घेता उभे राहण्याची परवानगी मुख्य प्रशिक्षकांकडून मागून घ्या. काही जण तुम्हाला आळशी म्हणतील. म्हणू द्या. सराव सुरू होण्याआधी आज कोणत्या फलंदाजाची कोणती एक गोष्ट पाहायची हे वहीत लिहा आणि फक्त तीच पाहा, कारण सगळे पाहायला गेले की काहीच दिसत नाही. मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर नेटच्या मागून, यष्ट्यांच्या उंचीवर ठेवून करा. पार्श्वसंगीत लावून लोकांना दाखवण्याजोगे ते दिसणार नाही, पण उपयोगाचे तेच असते. आणि त्या दिवशी जे दिसेल ते त्याच दिवशी फलंदाजाला सांगण्याची घाई करू नका. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पकड बदलायला सांगणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि अशांना मैदानाबाहेरच थांबवले पाहिजे असे माझे मत आहे.

थ्रोडाउन वाईट आहेत असे मात्र समजू नका. सामन्याच्या सकाळी बॅटवर चेंडू नीट येतो आहे हे जाणवायला, किंवा एखादा नवा फटका सावकाश बसवायला त्यांच्यासारखे साधन नाही. साइडआर्म, म्हणजे चेंडू वेगाने फेकण्याचे लांब दांड्याचे साधन, वापरून वेगवान गोलंदाजीचा सराव देणे हे तर स्वतंत्र कसब आहे. भारतीय संघासोबत दशकाहून अधिक काळ असलेल्या राघवेंद्र यांनी त्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तुम्हाला तेच करायचे असेल तर ठरवून करा, खांद्याचा व्यायाम घ्या आणि त्यात पारंगत व्हा. नकळत त्यात ढकलले जाणे तेवढे टाळा.

आचरेकर सरांची रीत या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. शिवाजी पार्कवर ते सचिन तेंडुलकरला नेटमध्ये घोटून घेत, यष्टीवर नाणे ठेवून त्याला बाद करणाऱ्याला ते देत, हे सर्वांना माहीत असते; पण त्यांचा भर होता तो सामन्यांवर. वेगवेगळ्या संघांतून एकामागोमाग एक सामने खेळायला लावायचे आणि आपण बाहेरून पाहायचे, अशी ती पद्धत होती. पंडित यांच्या संघांकडे पाहिले तरी हेच जाणवते. २०२२ मध्ये आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय संघासोबत असल्यामुळे अंतिम सामन्यात नव्हते, तरीही यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी एकाच डावात शतके केली आणि मुंबईच्या ३७४ धावांना ५३६ धावांनी उत्तर दिले गेले. असा डाव घाईघाईत घेतलेल्या पंधरा दिवसांच्या शिबिरातून उभा राहत नाही.

पंडित यांच्या शिस्तीची नक्कल करण्याचा मोह मात्र आवरा. कडक बोलणे, वेळ चुकली की बाहेर काढणे, मोबाइल काढून घेणे, एवढ्यालाच त्यांची पद्धत समजणारे बरेच जण मला भेटले. कडकपणा त्यांना शोभतो, कारण त्यामागे तीस-चाळीस वर्षांचे देशांतर्गत क्रिकेट आहे आणि खेळाडूला ठाऊक असते की हा माणूस आपल्यापेक्षा अधिक घाम गाळतो. तरीसुद्धा आयपीएलमध्ये परदेशी खेळाडूंना ही पद्धत जाचक वाटल्याची तक्रार जाहीरपणे झाली. तुमच्या-माझ्यासारख्याने पहिल्याच वर्षी तसा आव आणला तर मुले तोंडावर ‘हो सर’ म्हणतील आणि पाठीमागे नक्कल करतील.

गुरू शोधण्याबद्दलही दोन शब्द लिहितो. ‘माझ्यासोबत फिर, आपोआप शिकशील’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांपासून सावध राहा, कारण त्यांच्यासोबत फिरून बहुधा किट बॅगा उचलायला आणि शंकू मांडायला शिकायला मिळते. जो तुम्हाला एक पूर्ण सत्र घेऊ देतो, बाजूला बसून पाहतो आणि नंतर चहा पिताना दोनच वाक्यांत काय चुकले ते सांगतो, त्याला सोडू नका, मग तो कुठेही खेळलेला असो वा नसो. नामांकित खेळाडूचा फोटो फलकावर लावून अकादमी काढणे हा दुसरा सोपा मार्ग आहे. पैसा लवकर मिळतो, हे मान्य; पण एका नेटमध्ये वीस मुले उभी करून महिनाअखेरीस फी गोळा करणाऱ्याला पाहायला वेळ कुठून मिळणार? घर चालवायला अकादमी काढावी लागली तर काढा, त्यात लाज नाही. फक्त तिला प्रशिक्षणाचा अनुभव म्हणून मुलाखतीत सांगू नका, समोरच्यांना फरक कळतो.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे प्रशिक्षकांसाठीचे टप्प्याटप्प्याचे लेव्हल अभ्यासक्रम मात्र करायलाच हवेत, आणि त्यांना पर्याय म्हणून दोन दिवसांची ऑनलाइन प्रमाणपत्रे जमवू नयेत. पुढच्या पायरीवर जैवयांत्रिकी, दुखापतींची जाण, सत्राची आखणी असे विषय येतात आणि प्रात्यक्षिकात तुम्हाला प्रत्यक्ष शिकवून दाखवावे लागते. तिथे चांगले खेळलेलेही अडखळतात, कारण आपण स्वतः पुलचा फटका कसा मारायचो हे त्यांना शब्दांत मांडता येत नाही. पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर मन मोडून घेऊ नका. पुन्हा बसणारे पुष्कळ असतात.

पद जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. अंतिम फेरी गाठूनही मुंबईसारख्या संघाचे पद जाते आणि आयपीएल जिंकल्यानंतर दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या संघाचे सुटते, हे पंडित यांच्या बाबतीत घडले असेल, तर तुमच्या-माझ्या बाबतीत नक्की घडेल. ते काढले गेल्यावर गप्प बसले नाहीत आणि भांडतही बसले नाहीत, नागपूरला गेले. म्हणून घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, शक्य असेल तर अर्धवेळची का होईना दुसरी मिळकत राखा, आणि परगावी जाण्याची वेळ आली तर तयार राहा.

करार होताना तीन गोष्टी लेखी मागा: हंगामाबाहेरच्या शिबिरांचे मानधन, सोबतीला कोणकोण असणार याची यादी, आणि निवड समितीच्या बैठकीत तुमचे स्थान. प्रशिक्षकाला तिथे सहसा मत नसते, पण ज्या मुलांना तुम्हीच घेऊन खेळायचे आहे त्यांच्याबद्दल बोलता तरी आले पाहिजे. विदर्भात आणि मध्य प्रदेशात पंडित यांना जी मोकळीक मिळाली, तिच्या मागे मुंबईसोबत आधी जिंकलेले तीन करंडक होते. पहिल्या करारात तुम्हाला यातले एखादेच मिळेल. मला आजवर त्या बैठकीत एका संघटनेने बसू दिले आहे, आणि तेही विचारल्याशिवाय बोलायचे नाही या अटीवर.